सुहैली : कुलाब्यास घडलेली एक शिडाची नौका

‘शीव’ ह्या शब्दाचा अर्थ सीमा. मुंबईचे जुने बेट जेथे संपत असे आणि खाडीपलीकडे साष्टी सुरू होत असे, ती ही जागा. आमच्या कोळीवाड्याच्या नावात आजही कोळी आहे, परंतु त्याच्या गल्ल्यांतून हिंडणाऱ्या परक्या मनुष्यास समुद्र कोणत्या बाजूस आहे हे विचारावे लागेल. आमच्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांनी होडी पाहिली आहे ती सहलीच्या दिवशी. होडीत बसलेले त्याहून थोडे, आणि होडी घडताना पाहिलेला वर्गात एखादाच.

इयत्ता नववीच्या वर्गात तरंगणाऱ्या पदार्थांचा धडा चालू असताना आम्ही भिंतीवर एका शिडाच्या नौकेचे चित्र लाविले होते. नौकेची दोन्ही टोके निमुळती का, असा प्रश्न आम्ही केला. उत्तर कोणास आले नाही. तेव्हा ज्याच्या घरी पूर्वी होड्या होत्या अशा एका विद्यार्थ्यास आम्ही म्हटले, “आजोबांना विचारून ये.” तो हसून म्हणाला, “सर, आजोबांना काय ठाऊक असणार? त्यांना फक्त सही करता येते.” वर्गही हसला. आम्ही हसलो नाही, परंतु त्या क्षणी योग्य उत्तरही आम्हांस सुचले नाही. पुढे काही दिवसांनी तेच आजोबा नातवाची फी भरावयास शाळेत आले, तेव्हा आम्ही त्यांस ते चित्र दाखविले. ही नौका एकट्या माणसास घेऊन साऱ्या पृथ्वीभोवती फिरून आली, असे आम्ही सांगितले. आजोबांनी प्रवासाविषयी काहीच विचारले नाही. पुष्कळ वेळ ते चित्राकडे पाहत राहिले आणि मग म्हणाले, “मास्तर, ती अजून पाण्यात आहे ना?”

त्या वेळी ह्या प्रश्नाचे नीट उत्तर आम्हांस देता आले नाही. ते शोधता शोधता जे वाचनात आले, ते आमच्या विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे मांडीत आहो.

ह्या नौकेचे नाव ‘सुहैली’. इराणच्या आखातातील अरब खलाशी आग्नेयेकडून येणाऱ्या वाऱ्यास ह्या नावाने ओळखतात. अरबी भाषेत ‘सुहैल’ हे एका तेजस्वी ताऱ्याचेही नाव आहे, आणि तो तारा म्हणजे आपला अगस्ती. समुद्र पिऊन टाकणाऱ्या ऋषीचे नाव आपण ज्या ताऱ्यास दिले, त्याच ताऱ्याचे नाव अरबांच्या नौकानयनात असे मिसळून गेले आहे. असो.

सुहैली जन्मली आमच्याच शहरात, कुलाब्याच्या कारखान्यात. 1963 साली तिचा कणा मांडला गेला व 1964 च्या डिसेंबरात ती पाण्यात उतरली. तेव्हा युरोपीय रीतीप्रमाणे तिच्या नाळेवर मद्याची बाटली फोडण्यात आली नाही. नारळ फोडण्यात आला. ती बांधवून घेणारे गृहस्थ रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हे ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या व्यापारी आगबोटींवर अधिकारी होते आणि मुंबई बंदरात त्यांचे नित्य येणेजाणे असे. आपल्या सोबतच्या अधिकाऱ्यांसह येथे एक नौका बांधून घ्यावी व तीतून विलायतेस परत जावे, असा त्यांचा बेत होता.

ह्या बेताचा आरंभच एका चुकीने झाला. नौकेचा आराखडा त्यांनी इंग्लंडातून मागविला. परंतु मागविला एक आणि हाती आला दुसरा. आलेला आराखडा जुन्या घाटाचा, अवजड व संथ नौकेचा होता. परत पाठवावा तर वेळ जाणार. म्हणून त्यांनी तोच पत्करला. ज्या नौकेने पुढे इतिहास घडविला, ती बांधणाऱ्याच्या मनात नव्हतीच, ही गोष्ट आम्हांस मोठी मौजेची वाटते.

तो जुना घाट कोठून आला होता? नॉर्वे देशात कॉलिन आर्चर नावाचे एक प्रसिद्ध नौकाकार होऊन गेले (1832 ते 1921). नान्सेन ह्यांचे उत्तर ध्रुवाकडे गेलेले ‘फ्राम’ हे जहाज त्यांनीच बांधले. परंतु त्यांची खरी कीर्ती आहे ती वादळात सापडलेल्या कोळ्यांस वाचविण्यासाठी त्यांनी रचलेल्या शिडाच्या बचाव-नौकांमुळे. इतर होड्या बंदराकडे पळत असताना ह्या नौकांस बंदरातून बाहेर जावे लागे. अशा नौकेस वेग कमी असला तरी चालेल, पण उलटून किंवा फुटून चालणार नाही, हे त्यांच्या रचनेचे सूत्र होते. पुढे विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात विल्यम ॲटकिन नावाच्या अमेरिकन आरेखकाने आर्चरच्या नौकेचा आकार लहान करून 32 फुटांची एक नौका कागदावर उतरविली व तिला ‘एरिक’ असे नाव दिले. मुंबईस आलेला आराखडा तो हाच. म्हणजे सुहैलीचा घाट मुळात कोळ्यांच्या रक्षणासाठी जन्मलेला होता.

आराखडा परदेशी, परंतु हात येथले. कुलाब्याच्या सुतारांनी ती नौका यंत्रांवाचून घडविली म्हटले तरी चालेल. वाकसाने लाकूड तासावयाचे, आणि छिद्र पाडावयाचे ते धनुकलीच्या दोरीने पुढेमागे फिरविल्या जाणाऱ्या सामत्याने. ज्यांनी ही हत्यारे पाहिली नसतील त्यांनी एखाद्या वृद्ध सुताराकडे जाऊन पाहावीत. विजेच्या यंत्राने एका मिनिटात पडणारे छिद्र सामत्याने पाडावयास पुष्कळ वेळ लागतो. परंतु लाकडाच्या आत कोठे गाठ आहे, कोठे ते ठिसूळ आहे, हे त्या मंद फिरणाऱ्या टोकातून कारागिराच्या तळव्यास कळत जाते.

लाकूड होते सागवान. मुंबईच्या नौकाबांधणीत सागवानाची ख्याती फार जुनी. लवजी नसरवानजी वाडिया हे 1736 साली सुरतेहून मुंबईस आले, आणि त्यांनी व त्यांच्या वंशजांनी येथे सागवानी जहाजे बांधून ती इंग्रजी आरमारास पुरविली. त्यांपैकी 1817 साली पाण्यात उतरलेले ‘त्रिंकोमाली’ हे जहाज इंग्लंडातील हार्टलपूल येथे आजही तरंगत आहे. सागवानाच्या अंगी नैसर्गिक तेल असते. त्यामुळे ते लवकर कुजत नाही, पाण्याने फार फुगत नाही, आणि त्यात ठोकलेले लोखंड ओक लाकडातल्याइतके झपाट्याने गंजत नाही. लवकर गंजत नाही म्हणजे कधीच गंजत नाही असे मात्र नव्हे. हे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

आता नौकेचे रूप पाहू. सुहैलीची लांबी साडेबत्तीस फुटांच्या आत, म्हणजे आमच्या वर्गखोलीहून थोडीशी अधिक; नाळेपुढे एक दांडा बाहेर आला आहे तो वेगळा. तिची रुंदी सुमारे 11 फूट, आणि पाण्याखालील खोली साडेपाच फूट. तिला दोन डोलकाठ्या आहेत. पुढची उंच, मागची आखूड. मागचे टोक पुढच्या टोकाप्रमाणेच निमुळते आहे. कणा नाळेपासून सुकाणूपर्यंत बहुतेक अखंड धावतो, आणि त्याच्या तळाशी सव्वादोन टनांच्या सुमाराचे ओतीव लोखंड जखडलेले आहे.

प्रथम ह्या लोखंडाचे प्रयोजन. विद्यार्थ्यांनी घरी एक प्रयोग करून पाहावा. साबणाची रिकामी डबी बादलीतील पाण्यावर सोडावी व तीत मधोमध एक काडी डोलकाठीप्रमाणे उभी चिकटवावी. काडीचे टोक बोटाने आडवे दाबताच डबी उलटेल. आता एक मोठा लोखंडी नट ताठ तारेच्या टोकास बांधून तो डबीच्या तळाखाली चार बोटे अंतरावर राहील असा पक्का करावा. पुन्हा काडी दाबावी. ती पाण्यास टेकेपर्यंत दाबली तरी बोट काढताच डबी उठून उभी राहील. वारा म्हणजे ते बोट, आणि नट म्हणजे कण्याखालील लोखंड. नौका जितकी अधिक कलते, तितके ते वजन बाजूस जाऊन तिला परत ओढते. हा प्रयोग आमच्या वर्गाने केला तेव्हा तीन डब्या बुडाल्या व एका विद्यार्थ्याचा सदरा भिजला; परंतु तत्त्व समजले.

मागच्या निमुळत्या टोकाचा हिशेब निराळा आहे. दक्षिण महासागरात मोठमोठ्या लाटा नौकेच्या पाठीमागून येतात. मागचा भाग रुंद व सपाट असेल तर लाट त्यास एकदम उचलते, नाळ पाण्यात खुपसते, नौका आडवी फिरते, आणि आडव्या नौकेवर दुसरी लाट कोसळते. निमुळत्या टोकावर आलेली लाट दुभंगून दोहों बाजूंनी निघून जावी, हा आर्चर ह्यांचा विचार. वर्गातल्या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे. मोठ्या वादळात नॉक्स-जॉन्स्टन ह्यांनी मागच्या बाजूने जाड दोराचा लांब फास पाण्यात सोडून ठेविला. त्या ओढीने नौकेची पाठ लाटेकडे राही व धाव मंद होई.

परंतु सुहैलीचा सर्वांत मोठा गुण पाण्याखाली झाकलेला आहे. तो तिचा लांब कणा. अशी नौका वळावयास आळशी असते. बंदरात, गर्दीत ती चालविणे हे डोकेदुखीचे काम. मात्र एकदा दिशा धरली की ती सहसा सोडीत नाही. त्यात दोन डोलकाठ्यांमुळे शिडे नौकेच्या सबंध लांबीवर पसरलेली. पुढच्या शिडात वारा अधिक भरला तर नाळ वाऱ्यापासून दूर जाऊ लागते. मागच्या शिडात अधिक भरला तर नाळ वाऱ्याकडे वळते. तराजूच्या दोन पारड्यांत वजने टाकून दांडी समतोल करावी, तशी ही शिडे कमीअधिक ताणून नौका अशी साधता येते की सुकाणूवर हात नसतानाही ती आपल्या वाटेने चालत राहावी. एकट्या माणसास झोप लागते, स्वयंपाक करावा लागतो, फाटलेले शीड शिवावे लागते. त्या वेळी नौकेने स्वतःच चालले पाहिजे. हा गुण नसता तर पुढची कथा घडलीच नसती.

1965 च्या डिसेंबरात नॉक्स-जॉन्स्टन आपल्या भावास व एका मित्रास घेऊन मुंबईहून निघाले. अरबस्तानचा किनारा, मग आफ्रिकेचा पूर्व किनारा, अशी मजल दरमजल करीत ते दक्षिण आफ्रिकेस पोहोचले. पैसे संपले होते, म्हणून तेथे काही महिने नोकऱ्या केल्या. नंतर केप टाउनहून वाटेत कोठेही न थांबता ते थेट इंग्लंडास गेले. ही नौका आपणांस फसविणार नाही, असा विश्वास त्या प्रवासात त्यांस वाटू लागला असावा.

1968 साली लंडनच्या ‘संडे टाइम्स’ ह्या वृत्तपत्राने एक शर्यत जाहीर केली. एकट्याने, वाटेत कोणत्याही बंदरात न थांबता, कोणाचीही मदत न घेता शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करावयाची. असे तोपर्यंत कोणीही केले नव्हते. नऊजण निघाले. नॉक्स-जॉन्स्टन ह्यांना मोठी, वेगवान नौका बांधावयाची होती. पण तेवढा पैसा उभा राहिला नाही. तेव्हा जी होती तीच घेऊन, म्हणजे कुलाब्याची सुहैली घेऊन, ते 14 जून 1968 रोजी फालमथ बंदरातून बाहेर पडले. वय होते 29.

आरंभीच नौकेच्या तळाशी, मुख्य डोलकाठीच्या खालच्या अंगास दोन्ही बाजूंनी फळ्यांच्या सांध्यातून पाणी आत येऊ लागले. भोवती अटलांटिक महासागर. गोदी नाही, सुतार नाही. नॉक्स-जॉन्स्टन अंगात गडद रंगाचे कपडे घालून पाण्यात उतरले, कारण उघडी गोरी कातडी शार्कच्या नजरेस लवकर पडते. श्वास कोंडून, नौकेखाली जाऊन, हातोडीने फटीत कापूस ठोकावयाचा प्रयत्न त्यांनी केला. तो टिकेना. तेव्हा कापूस कॅनव्हासच्या लांब पट्टीवर शिवून, तीस डांबर लावून, ती पट्टी तांब्याच्या चुकांनी फळ्यांवर ठोकली, आणि वरून तांब्याचा पत्रा बसविला. मध्यंतरी शार्क आला. वर येऊन त्यास बंदुकीने मारावे लागले, व मग पुन्हा पाण्यात उतरावे लागले. आमच्या मुलांस ही हकीगत सांगताना शार्कच्या ठिकाणी सर्वांचे डोळे विस्फारतात. आम्हांस त्याहून मोठे वाटते ते श्वासागणिक एकेक चूक ठोकणे. मारलेल्या शार्कची गोष्ट सांगावयास सोपी. परंतु पुढले हजारो मैल नौका तरली ती त्या पट्टीमुळे.

सप्टेंबराच्या आरंभी दक्षिण महासागरात एका लाटेने सुहैलीस आडवे पाडले. खोलीतील सामान उडून कप्तानाच्या अंगावर आले व खोलीचे छतही सांध्यांत हलले. तथापि कण्याखालील लोखंडाने आपले काम केले आणि नौका उठून उभी राहिली. पिण्याचे साठविलेले पाणी नासल्यामुळे पुढे पावसाचे पाणी गोळा करावे लागले. बिनतारी यंत्र बंद पडले. वाऱ्यावर चालणारे आपोआप सुकाणू फिरविणारे यंत्र खिळखिळे होत होत ऑस्ट्रेलिया ओलांडल्यावर पार निकामी झाले. अर्धी पृथ्वी अजून उरली होती. येथे त्या लांब कण्याचा व दोन डोलकाठ्यांचा उपयोग झाला. शिडे समतोल करून त्यांनी सुहैलीस सुहैलीच्याच हवाली केले, आणि ती चालत राहिली.

नोव्हेंबरात न्यूझीलंडच्या ओटागो बंदराच्या तोंडाशी ती वाळूत रुतली. नियमाप्रमाणे कोणाची मदत घेता येत नव्हती. भरतीची वाट पाहून त्यांनी तिला स्वतःच सोडविले. 17 जानेवारी 1969 रोजी तिने केप हॉर्न ओलांडले. न्यूझीलंडनंतर साडेचार महिने तिची काहीच वार्ता नव्हती. घरच्या माणसांनी ते महिने कसे काढले असतील, हे ज्यांच्या घरातील पुरुष पावसाळ्यापूर्वीच्या शेवटच्या फेरीस समुद्रावर जात, त्या कोळीवाड्यातील वृद्ध स्त्रियांस आम्ही सांगावयास नको. एप्रिलाच्या आरंभी अझोर्स बेटांजवळ एका तेलवाहू जहाजास ती दिसली, आणि 22 एप्रिल 1969 रोजी, 312 दिवसांनी, ती फालमथ बंदरात परत आली. जकातीचे अधिकारी रीतीप्रमाणे नौकेवर आले व कोणत्या बंदराहून आलात असे विचारू लागले. कप्तानाने सांगितले, फालमथहून.

येथे एक छोटे गणित. अंतर सुमारे 30,000 सागरी मैल, दिवस 312. दिवसास सुमारे 96 मैल पडतात. त्यास 24 ने भागिले असता ताशी चार सागरी मैल, म्हणजे सुमारे साडेसात किलोमीटर. सकाळी मैदानावर प्रकृतीसाठी हळूहळू धावणारा मनुष्य ह्याच गतीने जातो. भेद एवढाच की सुहैली रात्रीही थांबली नाही.

आणि त्या वेगवान नौकांचे काय झाले? काहीजण आरंभीच परत फिरले. मोइतेसिए नावाचे फ्रेंच दर्यावर्दी केप हॉर्न ओलांडूनही इंग्लंडाकडे वळले नाहीत. शर्यत सोडून ते पुढेच गेले व ताहिती बेटास जाऊन थांबले. टेटली ह्यांची तीन अंगांची हलकी, जलद नौका घराच्या वाटेवर अझोर्सजवळ फुटली. ते स्वतः वाचले. क्रोहर्स्ट ह्यांनी आपण कोठे आहो ह्याविषयी खोट्या नोंदी पाठविल्या, आणि अखेर त्यांची नौका समुद्रावर रिकामी सापडली. ह्या दुर्दैवी गृहस्थांस दोष देण्यास आमची लेखणी धजत नाही. त्यांच्यावर कर्जाचा मोठा भार होता. नॉक्स-जॉन्स्टन ह्यांस पाच हजार पौंडांचे बक्षीस मिळाले, ते त्यांनी क्रोहर्स्ट ह्यांच्या विधवा पत्नीस व मुलांस देऊन टाकिले. नऊ नौकांपैकी प्रदक्षिणा पुरी करून परत बंदरी लागली ती एकटी सुहैली.

सुहैलीचे आयुष्य येथे संपले नाही. 1989 साली नॉक्स-जॉन्स्टन तीतून पुन्हा एकटे अटलांटिकपार गेले, आणि ह्या वेळी दिशा शोधण्यास जुन्या काळचे ॲस्ट्रोलेब नावाचे पितळी यंत्र घेऊन गेले. 1991 साली प्रसिद्ध गिर्यारोहक ख्रिस बॉनिंग्टन ह्यांस घेऊन ती ग्रीनलंडच्या बर्फात शिरली.

तिच्यावरचे सर्वांत मोठे संकट ह्यापुढचे, आणि ते समुद्रावरचे नव्हे. 1997 साली तिला ग्रिनिच येथील राष्ट्रीय सागरी वस्तुसंग्रहालयात ठेवण्यात आले. मान मोठा होता. वर छप्पर, भोवती कोरडी, यंत्राने राखलेली हवा. ना लाट, ना वारा, ना मीठ. परंतु लाकडी नौकेच्या फळ्यांस पाण्याची सवय असते. पाण्याने त्या किंचित फुगतात आणि एकमेकींस घट्ट भिडतात. म्हणूनच सांधे बंद राहतात. दर्यावर्दींच्या वंशातील मुलांस हे नवे नाही. पुष्कळ दिवस किनाऱ्यावर ओढून ठेविलेली होडी पुन्हा पाण्यात लोटताना पहिल्या दिवशी गळते, हे त्यांनी वडिलांकडून ऐकले असेल. संग्रहालयातील कोरड्या हवेत सुहैलीच्या फळ्या आकसू लागल्या. केप हॉर्नच्या लाटांनी जे केले नाही, ते त्या सुरक्षित दालनात हळूहळू होत होते. नॉक्स-जॉन्स्टन ह्यांच्या ते ध्यानात आले आणि 2002 साली त्यांनी तिला तेथून बाहेर काढिले.

मग डागडुजीस पुष्कळ वर्षे लागली. फळ्या फासळ्यांस जखडणारे जुने लोखंड गंजले होते. तो सारा जोड काढून नव्याने बसवावा लागला. पंचाहत्तरी ओलांडलेल्या मालकाने ह्या कामास स्वतः हात लाविला. 2016 साली सुहैली पुन्हा पाण्यात उतरली, आणि 2018 च्या जूनमध्ये, तिच्या प्रस्थानास पन्नास वर्षे झाली तेव्हा, ती फालमथच्या समारंभात शिडे उभारून हजर होती.

दरम्यान इकडे, आपल्या किनाऱ्यावर, एक निराळाच धागा विणला जात होता. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी ह्यांच्या प्रेरणेने भारतीय नौदलाने ‘सागर परिक्रमा’ हा उपक्रम हाती घेतला. त्यासाठी गोव्यात, मांडवीच्या पात्रातील दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकर ह्यांच्या कारखान्यात ‘म्हादेई’ ही 56 फुटांची नौका बांधली गेली व ती 2009 साली नौदलात दाखल झाली. म्हादेई हे मांडवी नदीचेच दुसरे नाव. कमांडर दिलीप दोंदे ह्यांनी विलायतेत नॉक्स-जॉन्स्टन ह्यांच्या हाताखाली काही काळ अनुभव घेतला होता. ते ऑगस्ट 2009 मध्ये म्हादेईतून मुंबईहून एकटे निघाले, वाटेत मोजक्या बंदरांत थांबून मे 2010 मध्ये मुंबईस परतले, आणि एकट्याने शिडावर पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय ठरले. पुढे 2012-13 मध्ये अभिलाष टॉमी ह्यांनी त्याच नौकेतून कोठेही न थांबता ती प्रदक्षिणा केली. मुंबईत घडलेल्या नौकेने एका इंग्रजास जी विद्या दिली, ती चाळीस वर्षांनी त्याच्या हातून आमच्या माणसांकडे परत आली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

1968 च्या शर्यतीचे स्मरण म्हणून 2018 साली तशीच शर्यत पुन्हा झाली. टॉमी त्यात उतरले ते ‘थुरिया’ नावाच्या नौकेतून. ही थुरिया म्हणजे सुहैलीची प्रतिकृती, आणि तीही दांडेकर ह्यांच्या गोव्यातील कारखान्यातच तयार झालेली. सप्टेंबर 2018 मध्ये दक्षिण हिंदी महासागरात भयंकर वादळाने थुरियाच्या डोलकाठ्या मोडल्या व टॉमी ह्यांच्या पाठीस जबर दुखापत झाली. तीन दिवस त्यांस उठता येत नव्हते. अखेर एका फ्रेंच नौकेने त्यांस सोडविले. थुरिया तेथेच समुद्रावर राहिली. तीच आकृती, तोच महासागर, आणि फळ निराळे. सुहैलीचे यश केवळ तिच्या घाटाचे होते असे कोणी मानू लागल्यास थुरियाची आठवण करावी. टॉमी मात्र बरे होऊन 2022 च्या शर्यतीत दुसऱ्या एका नौकेतून पुन्हा उतरले आणि 2023 च्या एप्रिलात दुसरे आले.

सुहैलीविषयी जगात पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यात कप्तानाचे धैर्य येते, आर्चर व ॲटकिन ह्यांची नावे येतात. कुलाब्याच्या सुतारांविषयी बहुधा एखाददुसरे वाक्य असते, आणि तेही हत्यारे कशी जुनाट होती हे नवलाने सांगणारे. कागदावरची रेषा सुंदर असेल. परंतु एकट्या कागदाने पाणी अडत नाही. तळाशी दोन ठिकाणी सांधा उघडला हे खरे, आणि ते लपविण्याचे कारण नाही. पण ह्या दोन जागांखेरीज सर्व कवच 312 दिवस त्या समुद्रात टिकले, हेही त्याच हातांचे काम होते. आमच्या शाळेच्या दाखल्यांत पालकांचा व्यवसाय लिहिण्याची एक जागा असते. तेथे ‘सुतारकाम’ किंवा ‘मासेमारी’ असे लिहिताना काही मुले अक्षर बारीक काढतात, हे आम्ही पाहिले आहे.

हे सारे जमा झाल्यावर आम्ही एका रविवारी दुपारी त्या विद्यार्थ्याच्या घरी गेलो. आजोबा ओट्यावर बसले होते, नातू शेजारी. सुहैली संग्रहालयात कशी सुकू लागली होती, मग तिला कसे बाहेर काढिले, आणि आता ती पुन्हा पाण्यात उतरली आहे, हे आम्ही सविस्तर सांगितले. केप हॉर्नचे वर्णन आम्ही विशेष रंगवून केले होते. ते त्यांनी आदराने ऐकून घेतले.

मग त्यांनी आमच्या हातातील चित्र घेतले, पाण्याच्या रेषेखाली, कण्याच्या वरच्या फळीवर बोट ठेविले, आणि विचारले, “मास्तर, हितले खिळे लोखंडाचे होते का?”

होते, असे आम्ही म्हणालो.

“तेच,” आजोबा म्हणाले, आणि नातवाकडे वळून त्यास त्या फळीविषयी सांगू लागले.